मोडीत काढलेला भंडारा

पितळेचे भांडे चिरले किंवा घरात स्टील आले, की ते मोडीत जाते. दुकानदार ते तराजूत टाकतो आणि वजन करतो. काठावर घातलेले नाव, लग्नात ते कुणी दिले ती तारीख, घडवणाऱ्याच्या हातोडीचे ठोके, यांचा भाव होत नाही. भाव होतो तो धातूचा. भंडाऱ्याची ओळखच पितळेचे शहर अशी असल्यामुळे हा व्यवहार आम्हाला नवा नाही. पण मोडीच्या तराजूत केवळ भांडी गेली असती, तर आम्ही हा लेख लिहायला बसलो नसतो. भांड्यांबरोबर ती घडवणाऱ्यांची नावे गेली, आणि हा मुलूख कुणी वसवला, कुणी सजवला, कुणी इथे घाम गाळला, याचा पुरावाही गेला.

आमचे म्हणणे सरळ आहे. भंडारा शहराला स्वतःचे कलासंग्रहालय हवे. ते असे हवे की तिथे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूखाली ती घडवणाऱ्याचे नाव असेल; नाव सापडत नसेल तर निदान त्याच्या गावाचे, जमातीचे, मोहल्ल्याचे असेल. मुसलमान म्हणून आम्हाला त्यात वेगळे दालन नको. आम्हाला खरी पाटी हवी. एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याच्या घुमटाच्या इमारती येतात. जिल्ह्याच्या गावाला हे चोचले कशाला, असा सवाल लगेच होतो. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा तेरला जाऊन यावे. धाराशिव जिल्ह्यातले हे लहानसे गाव. तिथे रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका व्यापाऱ्याने गावच्या पांढरीतून निघणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू हौसेने, हट्टाने गोळा केल्या. आज शासनाचे संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांनी असाच ध्यास घेतला. औंधच्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली आपला चित्रसंग्रह रयतेसाठी खुला केला. माहूर, सिंदखेडराजा इथेही शासनाची संग्रहालये आहेत. ही काही महानगरे नव्हेत. मग वैनगंगेच्या काठावरच्या जिल्ह्याच्या ठिकाणालाच ही चैन का परवडू नये?

दाखवण्यासारखे आहे काय, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, हा प्रश्न पडतो हाच संग्रहालय नसल्याचा पुरावा आहे. बाराव्या शतकातल्या जाजल्लदेवाच्या रतनपूर येथील शिलालेखात 'भाणार' असा या प्रदेशाचा उल्लेख येतो. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी हे नाव दगडावर कोरण्याइतके मोठे होते. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून बौद्ध स्तूप बाहेर आला. टेकडीचे नाव जगन्नाथ, आत स्तूप, आणि भोवती कोष्ट्यांचे गाव. असा थरावर थर चढलेला इतिहास ज्यांच्या पायाखाली आहे, त्यांच्या शाळकरी मुलाला त्यातला एक तुकडाही आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी पाहायला मिळत नाही. पवनीचे शिल्प आणि शिलालेख पाहायचे म्हणजे नागपूरची वाट धरावी लागते.

त्या शिलालेखांपैकी एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पवनीला सापडलेल्या आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवलेल्या एका स्तंभावर महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव कोरलेले आहे. महाक्षत्रप ही शकांची पदवी. शक बाहेरून आलेले. म्हणजे वैनगंगेच्या काठी 'बाहेरच्या' माणसाचा स्मृतिस्तंभ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतच उभा राहिला होता. त्याला कुणी परत जा म्हणाले की नाही, ते स्तंभावर लिहिलेले नाही. तो इथेच राहिला, इथल्या मातीत मिसळला, आणि त्याचा दगड आज महाराष्ट्राचा वारसा म्हणून जपला जातो. जे सौजन्य एका शक सरदाराला मिळाले, ते त्याच्यानंतर हजार-दीड हजार वर्षांनी आलेल्यांच्या वाट्याला का येऊ नये, एवढेच आम्ही विचारतो.

आता तुमसर तालुक्यातल्या अंबागडाकडे वळू. हा किल्ला सुमारे १७०० साली राजाखान पठाणाने बांधला. राजाखान हा देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सरदार. आणि बख्त बुलंद शहा कोण? तो गोंड राजा. औरंगजेबाच्या दरबारात जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, त्याच्या मदतीने देवगडची गादी मिळवली आणि परत आल्यावर आपला मुलूख आबाद केला. शेतकरी आणले, कारागीर आणले, हिंदू-मुसलमान दोघांनाही जमिनी दिल्या. १७०२ साली नागपूर शहराची मुहूर्तमेढ त्यानेच रोवली असे मानले जाते. पुढे तोच औरंगजेबावर उलटला. बादशहा इतका चिडला की 'बख्त बुलंद' म्हणजे थोर भाग्याचा हे नाव काढून त्याला 'नगून बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणावे असा हुकूम त्याने सोडला.

हा राजा आजच्या कोणत्या रकान्यात बसवायचा? तो गोंड, तो मुसलमान, तो औरंगजेबाचा आश्रित आणि तोच औरंगजेबाचा बंडखोर. एका बाजूला 'आपले', दुसऱ्या बाजूला 'त्यांचे' अशी दोन खात्यांची वही घेऊन बसलेल्यांना तो गैरसोयीचा वाटतो. म्हणून तो वहीतून गळतो. अंबागडावर सहलीला जाणाऱ्यांना तिथल्या कैद्यांच्या भयंकर आख्यायिका पाठ असतात. बांधणाऱ्याचे नाव विचारा, सांगणारा क्वचित भेटतो.

याची किंमत काय पडते, ते आम्ही पाहिले आहे. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून हिंसाचार झाला. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. ज्या शहराची पायाभरणी औरंगजेबाशी भांडलेल्या एका मुसलमान गोंड राजाने केली, त्या शहरात औरंगजेबाच्या नावावरून मोहल्ले पेटले. दगड उचलणाऱ्या दोन्हीकडच्या पोरांपैकी कितीजणांना बख्त बुलंद ठाऊक होता? संग्रहालय असते तर दंगल टळली असती, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. दंगली अज्ञानातून कमी आणि हिशेबातून जास्त होतात. पण हिशेब मांडणाऱ्याला अज्ञानाची सुपीक जमीन लागते. ती जमीन थोडी तरी कमी करणे हे संग्रहालयाचे काम आहे.

नागपूर जेमतेम साठ किलोमीटरवर असताना भंडाऱ्याला वेगळे संग्रहालय कशाला, असाही आक्षेप येतो. हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. त्याचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण लोकांनी त्याला दिलेले नाव पाहा : अजब बंगला. हे नाव प्रेमाचे आहे आणि अचूकही आहे. इंग्रजांनी एका बंगल्यात पेंढा भरलेले वाघ, आदिवासींची हत्यारे, तुटक्या मूर्ती आणि ताम्रपट एकत्र मांडले, आणि रयत ते 'अजब' म्हणून पाहायला गेली. जे अजब ते आपले नसते. पवनीचा दगड नागपुरात गेला की तो पवनीकरांसाठीही अजब होतो.

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण घ्या. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून ते लोकांसाठी उघडले, १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. तिथे मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या सुंदर बाहुल्या आहेत. पगडी दिसते, दाढी दिसते, हातातले अवजार दिसते. त्या माणसाचे नाव मात्र दिसत नाही. तो 'नमुना' असतो. साहेबाने आम्हा सगळ्यांना, कोष्ट्याला, कासाराला, मोमिनाला, नमुने म्हणून कपाटात उभे केले. साहेब जाऊन किती वर्षे झाली, पण ही नजर गेली नाही. अजूनही कारागिराची 'कला' कौतुकाची असते आणि कारागीर निनावी असतो.

म्हणून आमचा आग्रह पाटीवर आहे. समजा, उद्याच्या संग्रहालयात भंडाऱ्याचे एक जुने गुंड ठेवले. पाटीवर काय लिहाल? 'पितळी पात्र, विसावे शतक'? एवढे लिहून मोकळे झालात तर ती मोडीचीच पावती होईल. त्या गुंडासाठी तांबे आणि जस्त एकत्र वितळले. कुणी भट्टी फुंकली, कुणी पत्रा ठोकला, कुणी झिलई केली. ते एका घरात गेले आणि दर काही महिन्यांनी घरातली पितळेची भांडी दारात आणून कल्हईसाठी दिली गेली, कारण पितळेत आंबट शिजवायचे तर कल्हई हवीच. हा कल्हईवाला कितीतरी गावांत मुसलमान असे. भाता, कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा, एवढ्या भांडवलावर तो गावोगाव फिरला. हिंदूंच्या स्वयंपाकघरातले भांडे त्याच्या हातून आतून उजळून परत स्वयंपाकघरात गेले. शिवाशिवीच्या दिवसांतही हे चालू होते. हा आपल्या समाजाचा केवढा मोठा इतिहास आहे! तो कोणत्या पुस्तकात आहे? पाटीवर चार ओळी जास्त लिहिल्या तर तो वाचता येईल.

हेच कोशाचे. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा, पवनीची लुगडी, करवतकाठी किनार यांचे प्रदर्शनांतून कौतुक होते. ऐनाच्या झाडावर कोशाचे किडे राखणारा ढिवर, धागा काढणारी त्याची बायको, माग चालवणारा कोष्टी, हे प्रदर्शनाच्या दाराबाहेर राहतात. हेच तलावांचे. कोहळ्यांनी बांधलेले तलाव हे या जिल्ह्याचे सर्वांत मोठे शिल्प आहे, पण शिल्प म्हणून त्याकडे पाहायला आपल्याला कुणी शिकवलेच नाही. आणि हेच दंडारीचे, खडी गंमतीचे, झाडीपट्टीच्या रंगभूमीचे. पडदे रंगवणाऱ्या पेंटरचे नाव जाहिरातीत शोधून पाहा.

तेव्हा, हे दुखणे केवळ मुसलमानांचे नाही. निनावी ठेवल्या गेलेल्या सगळ्यांचे आहे. आमचे दुखणे त्यात थोडे जास्त ठसठसते, कारण इतरांना विस्मरणाने वगळले जाते, आम्हाला कधी कधी आठवणीने. पाठ्यपुस्तकातून मुघलांची प्रकरणे गळतात. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन देश सोडतात, २०१० साली कतारचे नागरिक होतात आणि २०११ साली लंडनमध्ये मरतात. मंडल्याच्या मुलखात जन्मलेले आणि नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा जगभर नाव कमावून २०१६ साली मंडल्याच्या मातीत वडिलांशेजारी विसावतात. हुसेन आणि रझा दोघेही आपल्या आसपासचे. पण भंडाऱ्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला मुलांना त्यांची नावे कळतात ती कधी? एक नाव वादामुळे कळते, दुसरे कळतच नाही.

आता आमच्या घरातल्या मंडळींशी बोलायला हवे. संग्रहालयाचा विषय काढला की आमच्यातले काहीजण म्हणतात, तिथे मूर्ती असणार, तस्विरी असणार, आपला त्याच्याशी काय वास्ता? चित्राविषयी उलेमांमध्ये मतभेद जुने आहेत. तो मसला सोडवायला आम्ही बसलेलो नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, पाहणे वेगळे आणि पूजणे वेगळे. हैदराबादच्या मीर युसूफ अली खान यांनी, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांनी, आयुष्यभर जगभरातून वस्तू जमवल्या. त्यात कुराणाच्या हस्तलिखितांपासून देवदेवतांच्या मूर्तींपर्यंत सगळे होते. त्यांचे संग्रहालय १९५१ साली उघडले आणि १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. सालारजंगांचा ईमान त्यामुळे कमी झाला असे कुणी म्हणत नाही. इस्तंबूलचा तोपकापी महाल १९२४ पासून संग्रहालय आहे. दोह्यात २००८ साली इस्लामी कलेचे भव्य संग्रहालय उभे राहिले. मुसलमान जगाला संग्रहालयाचे वावडे नाही. आपल्याकडेच ते का असावे?

ताबूतांचे काय, हाही प्रश्न आमच्यात निघतो. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि बेगड यांतून मोहरमचे ताबूत उभे राहतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हिंदू घरे त्यांना नवस बोलतात, नारळ देतात, डोल्यांपुढे नाचतात. आज आमच्यातलेच काही सुधारक ते गैरइस्लामी ठरवतात, आणि पलीकडचे काही सुधारक हिंदूंनी तिकडे जाऊ नये म्हणून बजावतात. दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक, पण ताबूत बंद पाडण्यात दोघांचे एकमत! या दोघांच्या मध्ये सापडलाय तो कामट्या तासणारा कारागीर. ताबूत धर्मात बसतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे. पण तो कागदाच्या कातरकामाचा अस्सल नमुना आहे आणि दरवर्षी दहाव्या दिवशी विसर्जित होतो म्हणून त्याचा मागमूस राहत नाही, हे तर कुणी नाकारणार नाही. संग्रहालयाने ताबूत कपाटात ठेवू नये, तो त्याचा अपमान होईल. संग्रहालयाने ताबूत बांधणाऱ्याला अंगणात बोलवावे, बांधणी टिपून ठेवावी, कात्र्या आणि साचे जपावेत, आणि त्याच्या पोराला सांगावे की तुझ्या बापाचे हे काम हुनर आहे.

पुण्याच्या दिनकर केळकरांकडून हे शिकावे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी संग्रह केला. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा दिवे, अडकित्ते, पानपुडे, कुलुपे, भांडी यांना मान मिळाला. आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. जिला पुण्याने जिवंतपणी घरात घेतले नाही, तिला पुण्यातल्याच एका संग्रहालयाने घर दिले. संग्रहालय समाजासाठी काय करू शकते, याचे यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

शेवटचा आणि सर्वांत जड आक्षेप असा की, आधी दवाखाने बांधा, मग संग्रहालयाचे बोला. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० तान्ही बाळे गेली. ज्या शहराने हे पाहिले, त्याच्यापुढे कलेची भाषा बोलताना जीभ जड होते. आम्ही या आक्षेपाला बगल देत नाही. दवाखान्याच्या वाट्याचा एक रुपयाही आम्हाला नको. पण उलटा प्रश्नही विचारू द्या. इतकी वर्षे भंडाऱ्यात कलासंग्रहालय नाही. त्याचा वाचलेला पैसा दवाखान्याला मिळाला काय? आपल्या गावोगावचे पैसे स्वागत कमानींवर, चौकांच्या सुशोभीकरणावर, रोषणाईवर आणि पुढाऱ्यांच्या हसऱ्या फलकांवर जातात. त्या पैशाचा हिशेब मागताना कुणी दवाखान्याचे नाव काढत नाही. ते नाव निघते फक्त ग्रंथालय मागितले की, नाट्यगृह मागितले की, संग्रहालय मागितले की. गरिबाला भाकरी हवी हे खरे. पण गरिबाला भाकरीच हवी, हे ठरवणारा कधी गरीब नसतो.

मग हे संग्रहालय कसे असावे? २०२२ साली प्राग येथे जागतिक संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या मान्य केली. संग्रहालय समाजाच्या सेवेसाठी असावे, सर्वांना खुले आणि सर्वांना सामावणारे असावे, आणि त्याच्या कामात तिथल्या समाजसमूहांचा सहभाग असावा, असा तिचा मथितार्थ आहे. ही व्याख्या इमारतीविषयी बोलत नाही, हे ध्यानात घ्या. आमच्याकडे मात्र सुरुवात इमारतीपासून होते. भूमिपूजन, कोनशिला, मोठा घुमट, आणि आत सहा छायाचित्रे. असे संग्रहालय आम्हाला नको. एखादी जुनी सार्वजनिक इमारत दुरुस्त करून तिच्यात काम सुरू व्हावे. तिथे एक भट्टी असावी, एक माग असावा, आणि त्यांवर काम करणाऱ्याला रोजी मिळावी. पवनीच्या मूळ वस्तू नागपूरहून वर्षातून काही महिने मुदतीने याव्यात. ते जमत नसेल तर त्यांच्या साच्यातून काढलेल्या प्रतिकृती तरी कायम असाव्यात. पाट्या मराठीत असाव्यात, आणि त्यांच्या जोडीला झाडीबोली, गोंडी आणि उर्दूही असावी. कारभारी समितीत निवृत्त अधिकाऱ्यांच्या बरोबरीने तांबट, कोष्टी, ढिवर, गोंड, बौद्ध, मुसलमान बसावेत, आणि बायका बसाव्यात, कारण भांडे, लुगडे आणि गोधडी यांचा खरा इतिहास त्यांनाच ठाऊक असतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचा प्रत्येक वर्ग वर्षातून एकदा तिथे यावा आणि परत जाऊन आपल्या घरातल्या एका वस्तूची माहिती लिहून आणावी.

आणखी एक काम तातडीचे आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावस्तू ठरू शकते. लोकांना कायद्याचे नाव तेवढे ठाऊक असते, तपशील नसतो. त्यामुळे घरातली जुनी पोथी, सनद, नाणे, कुराणाची हस्तलिखित प्रत लोक भीतीने लपवतात किंवा फिरत्या व्यापाऱ्याला मिळेल त्या किमतीला देऊन टाकतात. कोणत्या वस्तूची नोंदणी लागते आणि कोणत्या वस्तूची नाही, एवढे शांतपणे सांगणारा एक माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी बसला, तरी पुष्कळ वाचेल. आणि त्याच माणसाने आठवड्यातून एकदा मोडीच्या दुकानांत चक्कर मारावी. किलोमागे चार पैसे जास्त देऊन तो जे वेचून आणील, त्यातून भंडाऱ्याच्या पितळेचे दालन दोन-तीन वर्षांत उभे राहील.

हे सगळे नगरपरिषदेने, शासनाने करायचे आहे, आणि ते आम्ही मागत राहू. कर भरणाऱ्याची ती मागणी आहे, मेहरबानी नव्हे. पण लामतुरे शासनाची वाट पाहत बसले नव्हते, केळकरही नव्हते. इमारत येईल तेव्हा येईल, नोंदवही आज सुरू होऊ शकते. आमच्या वाचकांपैकी जे भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर, मोहाडी या भागातले असतील, त्यांनी यंदा दिवाळी किंवा ईद आली आणि माळ्यावरची जुनी भांडी मोडीत काढायची वेळ झाली, तर एवढे करावे. भांडे तराजूत टाकण्यापूर्वी त्याचा काठ पुसावा. त्यावर घातलेले नाव वाचावे. ते कुणी घडवले, कुणी कल्हई केली, कुणाच्या लग्नात आले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत तारखेसह लिहावे. मग ते विकायचे की ठेवायचे, ते खुशाल ठरवावे. वही मात्र विकू नये. अशा शंभर वह्या जमल्या तर त्या घेऊन आम्ही नगरपरिषदेच्या दारात जाऊ, आणि 'दाखवण्यासारखे आहे काय' असे विचारणाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.